विंगेतला समुद्र

काकांनी बनवलेलं दार रंगमंचावर कितीही जोरात लावलं तरी आवाज येत नसे. आवाज हवा असेल तर तसं आधी सांगावं लागे. मग ते चौकटीतली एक पट्टी काढून ठेवत, आणि त्या प्रवेशात नायिका तणतणत बाहेर पडली की दार असं आदळे की पहिल्या रांगेतले लोक खुर्चीत सावरून बसत. प्रवेश संपला की पट्टी पुन्हा आपल्या जागी.

पट्टी नमद्याची. लोकर दाबून दाबून केलेलं ते जाड काळं कापड काकांच्या पिशवीत कायम असे. नाटक कंपनीचे ते सुतार. टेबलाच्या पायांखाली, खिडकीच्या झडपांमागे, जिन्याच्या पायऱ्यांच्या पोटाशी, जिथे म्हणून लाकडाला लाकूड लागेल तिथे त्यांच्या हातून नमदा चिकटवला जाई. प्रवेश बदलताना रंगमंचावर अंधार होतो, आणि त्या अंधारात एक घर उचललं जाऊन दुसरं उभं राहतं. समोर बसलेल्यांना त्यातलं काही ऐकू येता कामा नये, हा काकांचा हट्ट. "दिवे गेले तेव्हा दिवाणखाना होता, दिवे आले तेव्हा बंदर. मधे काय झालं ते देवालाही कळू नये," असं ते म्हणत. म्हणून कंपनीत त्यांचं नाव पडलं चिडीचूप. गंमत अशी, की सगळ्या सामानाला मुकं करणारा हा माणूस स्वतः मात्र तोंडात खिळे धरलेले असतील तेवढाच वेळ गप्प असे.

घरीही तीच तऱ्हा. खुर्च्यांना, कपाटांना, मोरीतल्या पाटाला, सगळ्यांना खालून नमदा. काकू पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडे माणसांच्या आधी खुर्च्यांना मोजे मिळतात." आणि मग काकांकडे बघत पुढे म्हणत, "एक पट्टी जरा मोठी कापा हो, तुमच्या तोंडाच्या मापाची."

अशा माणसाचे गुडघे गेले. एका तालमीला ते शिडीवर चढले आणि उतरताना दोघांना धरून उतरले. खाली कोण उभं होतं, तर बाई. बाई म्हणजे कंपनीच्या मालकीण आणि मुख्य नटीही. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. पण काकांना कळलं. नाटकातल्या माणसाला न बोललेलं वाक्य आधी ऐकू येतं.

काकांना घरी बसायची भीती नव्हती असं नाही, पण खरी भीती वेगळी होती. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही नाटक समोर बसून पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिली ती सगळी नाटकं बाजूने, विंगेतल्या काळ्या पडद्याच्या आडून. तिथे उभं राहिलं की एक गोष्ट दिसते, जी तिकीट काढून येणाऱ्याला कधीच दिसत नाही. नट अंधारात उभा असतो. घामेजलेला, तुमच्याआमच्यासारखा, सर्दी झालेला, घरून भांडून आलेला. तो एक पाऊल पुढे टाकतो, अंगावर उजेड पडतो, आणि त्या एका पावलात तो राजा होतो, खुनी होतो, कुणाचा तरी बाप होतो. इतकी वर्षं तेच बघून काकांच्या अंगावर अजून काटा येई. ती जागा गेली तर मग काय राहिलं?

त्याच सुमारास ध्वनीचं काम बघणारे अण्णा लेकीकडे राहायला गेले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. विंगेतलीच खुर्ची. तिच्यासमोर एक टेबल, टेबलावर एक डेस्कटॉप कॉम्प्युटर आणि बाजूला डिस्कचा खोका. काका सरळ बाईंकडे गेले.

"मला तिथे बसवा."

"काका, खिळा चुकला तर उपटता येतो," बाई म्हणाल्या. "आवाज चुकला तर काय उपटणार?"

"मी आयुष्यभर आवाजच सांभाळला."

"बंद करायचा. हा चालू करायचा आहे."

तरीही त्यांनी होकार दिला. नवं नाटक उभं राहत होतं, रंगीत तालमीपर्यंत काकांनी यंत्र शिकायचं. तालीम नीट पार पडली तर खुर्ची त्यांची. नाही, तर आपलं यंत्र घेऊन येणारा भाड्याचा माणूस बोलवायचा, आणि काकांना हार घालून निरोप. बाईंनी हे असं स्वच्छ सांगितलं, त्यामुळे काकांना राग आला नाही. उलट बरं वाटलं. लाकूड कुठे कुजलंय हे आधी कळलेलं बरं असतं.

शिकवणारी घरातच होती. सून. बाजाराच्या तोंडाशी तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तिने सासऱ्यांना शेजारी बसवून सगळं दाखवलं. बटण दाबलं की ट्रे बाहेर येतो, त्यात डिस्क ठेवायची, ट्रे आत जातो, जरा गुरगुर होते, आणि पडद्यावर डिस्कचं चित्र उमटतं.

"म्हणजे डिस्क माउंट झाली," ती म्हणाली.

"आत गेली की झालं ना?"

"नाही बाबा. आत जाणं वेगळं. ड्राइव्हने ती फिरवायला हवी, वाचायला हवी, आणि कॉम्प्युटरने म्हणायला हवं की हो, आहे. तोपर्यंत ती आत असून नसल्यासारखीच."

काकांनी क्षणभर विचार केला. "विंगेत उभा असलेला नट आणि एंट्री घेतलेला नट."

"अगदी तसंच."

घरच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने डिस्क लावली त्या दिवशी समुद्र वाजला. नाटक एका दीपगृहाचं होतं, दोन्ही अंकभर मागे समुद्र हवा होता. काकांनी ती डिस्क बाहेर काढून उजेडात धरली. तिच्यात स्वतःचा चेहरा दिसला, मागे घरातला दिवा दिसला, कडेला सगळे रंग सांडलेले दिसले. समुद्र कुठेच दिसेना. त्यांनी ती काकूंना दाखवली. "एवढं पाणी आहे यात. आणि वजन बघ."

"पिंपात ओतून ठेवा," काकू म्हणाल्या. पण त्यांनीही ती हातात घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

मग हे सगळे आवाज कॉम्प्युटरच्या पोटातच का नाही साठवायचे, असं काकांनी विचारलं होतं. सून हसली होती. गोष्ट त्या दिवसांतली, जेव्हा अण्णांच्या त्या जुन्या यंत्राची हार्ड डिस्क एवढीशी होती की तिच्यात दोन अंकांचा समुद्र मावला नसता. तेव्हा डिस्कच लावायची, वेळ झाली की काढायची, दुसरी लावायची. पहिल्या डिस्कवर समुद्र. दुसरीवर वादळ, आणि शेवटी जहाजाचा भोंगा.

सगळं नाटक त्या भोंग्यावर येऊन थांबत होतं. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको दोन अंकभर एका जहाजाची वाट बघते. शेवटी ती वाट बघणं सोडून देते, कंदील उचलते, जायला वळते, आणि तेवढ्यात लांबून भोंगा. ती थांबते. पडदा. एक शब्दही नाही. ही बायको बाईच करत होत्या.

काका अण्णांचं यंत्र घरी घेऊन आले. जमिनीला समांतर बसणारी आडवी, रुंद पेटी ती, वर मॉनिटर ठेवायचा अशी. त्यांनी तिचं झाकण काढलं, आतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली, ढिले स्क्रू आवळले, विंगेत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला करतात तशी तयारी केली. झाकण उघडं ठेवूनच रात्रीच्या जेवणाआधी समुद्र वाजवून पाहिला, वादळ पाहिलं, भोंगा पाहिला. सगळं जिथल्या तिथे. मग झाकण बसवलं आणि पेटी नाट्यगृहात नेली.

रंगीत तालीम सुरू व्हायच्या जरा आधी काकांनी पहिली डिस्क ट्रेमध्ये ठेवली. ट्रे आत गेला. गुरगुर झाली, मग टिक, टिक, आणि मग काहीच नाही. पडद्यावर अक्षरं आली: डिस्क टाका.

"टाकली की," काका म्हणाले.

त्यांनी ट्रे उघडला, डिस्क पुसली, परत ठेवली. डिस्क टाका. दुसरी डिस्क. डिस्क टाका. समोर बाई उभ्या, दिवे लागलेले, आणि समुद्राचा पत्ता नाही. बाईंनी समुद्राशिवाय पहिला अंक केला, दुसरा केला. कोरड्या दीपगृहात त्या वाट बघत राहिल्या. शेवट आला. त्यांनी कंदील उचलला, वळल्या, आणि शांतता.

कंपनीत एक विनोदी नट होता, मनाने मऊ. त्याला ती शांतता सहन झाली नाही. पलीकडच्या विंगेतून दोन्ही हात तोंडाशी धरून तो म्हणाला, "भों."

हसू दाबता दाबता सगळ्यांची पोटं दुखली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कंदील सावकाश खाली ठेवला आणि काकांच्या टेबलापाशी आल्या.

"परवा पहिला प्रयोग आहे, काका."

"हो."

"मी त्या भाड्याच्या माणसाला सांगून ठेवते. उद्या संध्याकाळपर्यंत मला कळवा. हे चाललं तर ठीक." त्या थांबल्या. "आणि नाही चाललं तरी मला तुम्हीच येऊन सांगा. दुसऱ्या कुणाकडून नको."

सकाळी काका पेटी घेऊन सुनेच्या दुकानात हजर झाले. दुकान म्हणजे एक काउंटर, त्याच्यामागे उलगडून ठेवलेली यंत्रं, भिंतीवर टांगलेली वायरींची भेंडोळी, आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून चुंबक लावलेली एक वाटी. तिने चारी स्क्रू त्या वाटीत टाकले, झाकण काढून भिंतीला टेकवलं, मॉनिटर जोडला, डिस्क लावली.

समुद्र. दुकानभर लाटा. बाहेर प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आलेला एक माणूस चमकून आत बघू लागला.

"चालतंय की बाबा."

"काल नाही चाललं. मी खोटं बोलतोय का?"

"तसं नाही म्हणाले." तिने झाकण बसवलं, स्क्रू लावले, पुन्हा डिस्क लावली. गुरगुर. टिक, टिक. डिस्क टाका.

तिने झाकण काढलं. समुद्र. लावलं. गप्प.

"नट आहे," काका म्हणाले. "उजेडाशिवाय काम करत नाही."

"नटाची मिजास बघते मी." तिने बाह्या सरसावल्या. कामाची तिची पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत बघायचं. आधी ड्राइव्हची वायर बदलली, झाकण लावलं, गप्प. झाकण लावताना वायर कुठे चिमटत असेल म्हणून ती वेगळ्या वाटेने नेली, गप्प. ड्राइव्हच्या भिंगावरची धूळ काढली, गप्प. शेवटी तिने जुना ड्राइव्हच सोडवला आणि आपल्याकडचा कोरा करकरीत नवा बसवला. उघडा असताना त्याने लाटा दिल्या. झाकण बसलं, आणि तोही जुन्याच्या वळणावर गेला.

आता ती गंभीर झाली. "बाबा, आत काही केलंत का तुम्ही?"

"काही नाही. धूळ झाडली. स्क्रू आवळले."

"अजून?"

"अजून काय करणार? मला काय कळतंय त्यातलं?"

हे ते मनापासून म्हणाले. तिनेही विश्वास ठेवला. तेवढ्यात तो प्रिंटरवाला खोळंबून खोळंबून पुढे झाला, म्हणून ती त्याच्याकडे वळली आणि जाता जाता म्हणाली, "तेवढं झाकण इकडे घेऊन ठेवा."

काकांनी झाकण उचललं. वरून गुळगुळीत, थंड पत्रा. दुसऱ्या हाताची बोटं झाकणाच्या आतून गेली, आणि तिथेच थांबली.

मऊ होतं.

काळ्या पत्र्याच्या आत काळी पट्टी. दुहेरी. बरोबर तिथे, जिथे झाकणाखाली ड्राइव्ह येतो. बोटांनी ती डोळ्यांआधी ओळखली. डिस्क फिरताना ड्राइव्ह जरा घुमतो, विंगेत ऐकू येईल, म्हणून झाकण बसल्यावर तो वरून गच्च दाबला जावा अशी ती पट्टी त्यांनीच चिकटवली होती. कधी चिकटवली ते आठवतही नव्हतं. ते आठवणीत ठेवण्यासारखं काम नव्हतंच. माणूस घरातून निघताना चप्पल घालतो, ते त्याला आठवतं का? प्रत्येक वेळी सून झाकण काढत होती, त्याच्याबरोबर दुखणं उचलून भिंतीला टेकवून ठेवत होती, आणि उघड्या पेटीत ते शोधत होती.

प्रिंटरवाला आपल्या यंत्राची कर्मकहाणी सांगत होता. सुनेची पाठ होती. नखाने कड धरली असती तर पट्टी सहज निघाली असती, पिशवीत गेली असती, आणि नव्या ड्राइव्हने गुण आला असं सगळे आनंदाने म्हणाले असते. काकांचं नख कडेपाशी गेलंही. मग त्यांनी ते मागे घेतलं. झाकण उताणं केलं, काउंटरवर ठेवलं, आणि प्रिंटरवाला जाईपर्यंत त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. त्या दुकानाने त्यांना इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं.

"बाळा, मघाशी विचारलंस तेव्हा काही नाही म्हणालो. हे केलं होतं."

तिने पाहिलं. पट्टीवर ड्राइव्हच्या वरच्या पत्र्याचा ठसा स्वच्छ उमटला होता, मधल्या उंचवट्यासकट. तिने त्या ठशावरून बोट फिरवलं आणि खुर्चीत बसून हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तुम्हाला हे करणं वाटलंच नाही."

"नाही वाटलं," काका म्हणाले. "तुझ्या सासूला सांगू नकोस."

"सासूबाईंना मी काय सांगणार? त्यांनी तर पहिल्यांदा झाकणच उलटं करून बघितलं असतं."

मग तिने खालच्या खणातून एक मेलेला ड्राइव्ह काढला, त्याचा पत्रा सोडवला आणि तो काकांसमोर उघडा ठेवला. कंपनीतल्या लोकांना काकांनी पुढे कितीतरी वेळा सांगितलेली गोष्ट हीच. वादळ नाही, भोंगा नाही, हा उघडा ड्राइव्ह.

वरच्या पत्र्यात एक छोटी चकती अडकवलेली होती. सुनेने ती हलवून दाखवली, चकती खुळखुळली. "डिस्क आत आली की खालून मोटर वर येते आणि वरून ही चकती डिस्कवर बसते. चुंबकाने धरते. मग डिस्क फिरते, चकती फिरते, आणि त्या वेळी ती पत्र्याला कुठेच टेकलेली नसते. तुम्ही पत्रा वरून दाबलात. चकती घासायला लागली. डिस्क धड फिरेना, मग वाचणार कोण?"

"ही खुळखुळणारी चकती मी पाहिली असती तर आधी हिलाच नमदा लावला असता."

"माहीत आहे मला. आता हे बघा. हात नका लावू."

खाली मध्यभागी, काचेच्या थेंबाएवढं एक भिंग होतं. काका वाकले. चष्मा कपाळावर सरकवून आणखी वाकले. भिंग कशावर बसवलेलं दिसेना. मग उजेड तिरका पडला आणि दिसलं, की ते बसवलेलं नव्हतंच. केसाएवढ्या बारीक तारांवर ते टांगलेलं होतं. काकांचा श्वास त्याच्यावर गेला आणि ते थरथरलं.

ते घाईने मागे झाले. "मोडलं का?"

"नाही. ते असंच असतं. कुठलीच डिस्क अगदी सरळ फिरत नाही बाबा, थोडी डुलतेच. हे भिंग तिच्याबरोबर वर-खाली होत राहतं, ती डुलेल तसं. इतकं भराभर की डोळ्याला दिसत नाही. घट्ट बसवलं तर एक अक्षरही वाचता येणार नाही त्याला."

काकांनी तोंडावर हात धरला, श्वास लागू नये म्हणून, आणि पुन्हा वाकले. आयुष्य त्यांनी वस्तू घट्ट करण्यात घालवलं होतं. हललं की पाचर, वाजलं की नमदा. आणि इथे कुणीतरी, कुठल्या तरी देशात, जाणूनबुजून एक गोष्ट हलती ठेवली होती, आणि सगळा समुद्र त्या हलण्यातून वर येत होता. हे सुचलं कसं असेल त्या माणसाला? हात किती स्थिर असेल त्याचा, इतकी अस्थिर वस्तू करायला? त्यांना एकाएकी बाईंची आठवण झाली. एवढी मोठी नटी, पण एंट्रीच्या आधी अंधारात उभी असताना तिची बोटं जराशी कापतात. काका ते वर्षानुवर्षं बघत आले होते आणि मनात म्हणत आले होते, की बिचारी अजून घाबरते.

"बाबा?" सून म्हणाली. "चहा सांगू?"

"थांब जरा," काका म्हणाले. आणि ते बघत राहिले.

पट्टी निघाली. जुना ड्राइव्ह परत बसला, झाकण लागलं, वर मॉनिटर चढला, आणि डिस्कचं चित्र पहिल्या फटक्यात पडद्यावर आलं. पण काकांनी कान पेटीला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"घुमतोय."

"तेवढा घुमणारच. त्याच्या पोटात काही घालू नका आता."

"पोटात नाही," काका म्हणाले. "पायाखाली तर चालेल?"

तिने विचार केला. "पायाखाली हवा तेवढा घाला."

दुपारी ते नाट्यगृहात गेले. टेबलाच्या पायांखाली नमदा घातला, पेटीच्या चारी कोपऱ्यांखाली जाड तुकडे ठेवले. लाकडातून पसरणारी घुमघुम निम्म्याहून कमी झाली. मग ते बाईंच्या खोलीत गेले.

"चालतंय."

"काय बिघडलं होतं यंत्रात?"

काकांनी खिशातून ती पट्टी काढून आरशासमोर ठेवली. "यंत्रात काही नाही. मी हे लावलं होतं. त्याने यंत्र आतून आवळलं गेलं, डिस्कला फिरता येईना. काल तुमचा समुद्र मी गिळला."

बाईंनी पट्टी उचलली, उलटसुलट केली. ती कुठली आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. असल्या पट्ट्यांच्या दारांतून त्या आयुष्यभर जात-येत होत्या.

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?"

"नसतं."

"मग प्रयोग तुम्ही करा," बाई म्हणाल्या. "पण भाड्याचा माणूस उद्या येऊन बसेल, त्याच्या यंत्रासकट. त्याला मी शब्द दिला आहे. डिस्क बोलली नाही तर तो वाजवेल, आणि मग काका, खुर्ची त्याची. चालेल?"

"न्याय आहे."

"आणि ही पट्टी माझ्याकडे राहू दे."

पहिल्या प्रयोगाला भाड्याचा माणूस काकांच्या मागे आपलं यंत्र मांडून बसला होता. सभ्य माणूस. उजेड रंगमंचावर जाऊ नये म्हणून काकांच्या मॉनिटरवर घातलेली काळ्या कापडाची टोपी त्याने बघितली आणि ती शिवली कुणी म्हणून विचारलं. पहिला अंक समुद्राने भरून गेला. दुसऱ्या अंकात वादळाचे ढग जमायला लागले की डिस्क बदलायची होती. समुद्र थांबला, ट्रे बाहेर आला. काकांनी समुद्र उचलून खोक्यात ठेवला, वादळ ट्रेवर ठेवलं, ट्रे आत गेला.

गुरगुर झाली.

काकांनी डोळे मिटले. आत काय चाललंय ते आता त्यांना माहीत होतं. मोटर वर आली असेल. चकती बसली असेल, आणि आता ती सगळ्यापासून सुटून फिरत असेल. तो काचेचा थेंब आपल्या तारांवर डुलत, डुलणाऱ्या डिस्कची पहिली ओळ शोधत असेल. रंगमंचावर बाईंचं वाक्य संपत आलं होतं. मागे भाड्याच्या माणसाची खुर्ची किंचित कुरकुरली. तिला नमदा नव्हता.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर चित्र होतं.

वादळ आलं. ते सगळ्या नाट्यगृहावरून गेलं, मागच्या भिंतीला लागून परत आलं, आणि ओसरलं. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. समोर सगळी माणसं अशी गप्प, जसं काकांनी आजवर फक्त आपल्या सामानाला करून ठेवलं होतं. बाईंनी कंदील उचलला. काकांचं बोट बटणावर गेलं, पण टेकलं नाही. बटणाच्या जरा वर ते तसंच अधांतरी राहिलं, आणि काकांनी पाहिलं की ते थरथरतंय. त्यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. बाई वळल्या, खांदे उतरले, श्वास सुटला. त्या श्वासाच्या शेपटावर काकांनी बोट सोडलं.

लांबून, पाण्यावरून, धुक्यातून भोंगा आला.

बाई थांबल्या. बाजूने दिसणाऱ्या त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर काय झालं ते समोर बसलेल्या कुणाला दिसणं शक्य नव्हतं. पलीकडच्या विंगेत विनोदी नट उभा होता, दोन्ही हात तोंडाशी धरून, वेळ पडली तर असावं म्हणून तयार. त्याने हात हळूहळू खाली घेतले.

पडदा पडला. टाळ्यांचा आवाज जाड पडद्यातून लाटेसारखा आत येत होता. भाड्याच्या माणसाने आपल्या वायरी गुंडाळायला सुरुवात केली. कंदील हातात तसाच धरून बाई टेबलापाशी आल्या, वाकल्या, आणि पेटीला कान लावला. आत डिस्क अजून फिरत होती.

"घुमतोय हा," त्या म्हणाल्या.

"तेवढा घुमणारच," काका म्हणाले. आणि ट्रे उघडायचं बटण न दाबता, डिस्क आपणहून थांबेपर्यंत दोघंही ऐकत उभी राहिली.